मागच्या काचेवरचं पावसाचं पाणी: वायपर नसलेल्या गाडीत काय करता येईल?

पागोळी
नमस्कार मंडळी. माझी हॅचबॅक गाडी आहे. खालचं मॉडेल घेतल्यामुळे मागे वायपर मिळाला नाही, काच तापवून वाफ घालवणाऱ्या डिफॉगरच्या तारा मात्र आहेत. पाऊस लागला की दहा मिनिटांत मागची काच थेंबांनी भरते आणि तशीच राहते. दिवसा कसंबसं भागतं. रात्री आतल्या आरशात नुसत्या ठिणग्या दिसतात. मागे दोन दुचाकी आहेत की एक मोटार, तेही सांगता येत नाही.

परवा पावसात रिव्हर्स घेत होतो आणि मागे उभं असलेलं लहान मूल मला दिसलं नाही. त्याच्या आईने डिकीवर हात आपटला तेव्हा ब्रेक दाबला. मूल सुखरूप आहे. पण ते डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतोय.

पुढच्या काचेला लावतात ते पाणी झटकणारं कोटिंग मी मागेही लावून पाहिलं. पुढे फार छान चालतं. मागे मात्र आधीपेक्षा वाईट दिसायला लागलं. असं का व्हावं? आणि दुसरा काही उपाय आहे का?

वळणरस्ता
मूल सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. आधी एक साधी तपासणी करा. काच धूसर झाली की आतून बोट फिरवा. बोटाची रेघ स्पष्ट उमटली तर आतून वाफ धरलेली आहे. काहीच फरक पडला नाही तर सगळं पाणी बाहेरचं. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि बरेच जण आतल्या वाफेसाठी बाहेरून काच घासत बसतात.

आतली वाफ असेल तर एसी चालू ठेवा, म्हणजे हवेतला ओलावा निघतो. हवा आतल्या आत फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा घ्या. ओल्या छत्र्या, भिजलेले पायपोस मागच्या सीटखाली ठेवू नका. त्यांची वाफ थेट मागच्या काचेवरच जाते.

पागोळी
बोटाची रेघ उमटली, पण अर्धवट. म्हणजे थोडी वाफ आतून आहेच. डिफॉगर लावल्यावर ती पाच-सात मिनिटांत जाते. थेंब मात्र जागचे हलत नाहीत.

हवेचीदिशा
तुमच्या कोटिंगच्या प्रश्नाचं उत्तर हवेत आहे. माझा विषय आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुढच्या काचेवर वारा थेट येऊन आदळतो. कोटिंगमुळे थेंब काचेला घट्ट धरून राहत नाही आणि वाऱ्याने वर ढकलला जातो. म्हणजे काम दोघं मिळून करतात: कोटिंग पकड सोडवतं आणि वारा उचलून नेतो. हॅचबॅकच्या मागच्या काचेवर हा दुसरा गडी कामावरच नसतो. छतावरून आलेली हवा छताच्या कडेशी गाडीला सोडून देते आणि गाडीमागे कमी दाबाचा, घुसळत राहणारा पट्टा तयार होतो. त्यात हवा गोल फिरते. चाकांनी उडवलेलं बारीक पाणी आणि चिखल हीच फिरती हवा उचलून काचेवर आणून बसवते. म्हणून मागच्या काचेवर आभाळातून पडलेलं पाणी थोडं आणि रस्त्यावरून उडालेलं जास्त असतं. पाऊस थांबला तरी ओल्या रस्त्यावर काच भिजतच राहते, ती यामुळे.

आता थेंबाचं. उभ्या काचेवरून थेंब खाली ओढणारं त्याचं वजन असतं आणि ते रुंदीच्या घनाने वाढतं. काचेने धरून ठेवण्याचा जोर मात्र साधारण रुंदीच्याच प्रमाणात वाढतो. म्हणजे मोठा थेंब सुटून ओघळतो आणि बारीक थेंब कितीही वेळ तसाच चिकटून राहतो, कोटिंग असलं तरी. चाकांचे तुषार बारीकच असतात. स्वच्छ, कोटिंग नसलेल्या काचेवर ते पसरून एकमेकांत मिसळले असते आणि त्यांचा पापुद्रा झाला असता. कोटिंग त्यांना पसरू देत नाही. प्रत्येक थेंब टपोरा, सुटा उभा राहतो आणि छोट्या भिंगासारखं काम करतो. त्यात मागचं दृश्य उलटं दिसतं. मागच्या गाडीचे दोन दिवे अशा शेकडो भिंगांतून फुटून येतात. तुम्हाला दिसतात त्या ठिणग्या त्याच.

रातप्रवासी
हे वाचून माझ्या दोन गाड्यांमधला फरक आज कळला. माझी आधीची सेदान होती. तिला मागे वायपर नव्हता आणि कधी लागलाही नाही. तिलाही कोटिंग लावलं होतं. महामार्गावर साठच्या पुढे वेग गेला की थेंब काचेवरून मागे डिकीकडे पळायचे, काच आपोआप मोकळी. आताच्या उभ्या पाठीच्या गाडीत ऐंशीला सुद्धा थेंब ढिम्म हलत नाहीत.

हवेचीदिशा
बरोबर. सेदानच्या काचेचा उतार सौम्य असतो, हवा बरीचशी तो उतार धरून वाहते. १९८४ साली एस. आर. अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाडीसारखा एक साधा ठोकळा घेऊन त्याच्या मागच्या उताराचा कोन बदलत वातबोगद्यात, म्हणजे जोराचा वारा सोडून प्रवाह तपासायच्या बोगद्यात, मोजमापं केली. आडव्या रेषेपासून साधारण ३० अंशांपर्यंत हवा उताराला कमीअधिक धरून राहते आणि त्यापुढे उतार सोडून देते. खऱ्या गाडीत छताची कड, स्पॉयलर (छताच्या मागच्या टोकाचा पंख), खिडक्या यांनी हा आकडा मागेपुढे होतो. पण हॅचबॅक, एसयूव्ही, व्हॅन यांची काच त्याहून बरीच उभी असते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत शंका राहत नाही.

नवाचालक
मग मागच्या काचेला कोटिंग लावणं वाया जातं का? आणि छताच्या टोकाला हवा खाली वळवणारी पट्टी बसवतात, तिचा उपयोग होतो का? माझीही गाडी उभ्या पाठीचीच आहे.

हवेचीदिशा
पट्टीचा विचार जुना आहे. जुन्या लांब स्टेशन वॅगन गाड्यांना छताच्या मागच्या कडेला विमानाच्या पंखासारखी आडवी पट्टी असायची. छतावरची वेगवान हवा ती काचेवरून खाली वळवते. फट, कोन आणि उंची नीट जमली तर काच स्वच्छ राहायला मदत होते. नुसता शोभेचा स्पॉयलर मात्र बहुधा हवेला आणखी मागे फेकतो, आणि काचेपुढची फिरती हवा तशीच राहते. वातबोगद्यात न तपासलेली पट्टी केवळ पाहून घेऊ नका.

चाकांमागचे रबरी पडदे, म्हणजे मडफ्लॅप, हे त्याहून स्वस्त आणि खात्रीचं काम आहे. ते काच पुसत नाहीत, पण वर जाणारं चिखलपाणी कमी करतात. तुमच्या गाडीला आहेत का बघा. धुताना, कडेच्या दगडाला घासून ते तुटतात आणि कोणी परत बसवत नाही.

काचकाम
मी गाड्यांच्या काचा बसवण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामात आहे. वरचं सगळं पटलं. पण माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी बऱ्याच गाड्यांत खरी अडचण तेलकट थराची असते, आणि त्याबद्दल इथे अजून कोणी लिहिलेलं नाही.

मागच्या काचेवर धुराची काजळी, रस्त्याचं तेल आणि धुताना छतावरून ओघळलेलं मेण बसतं. रबरी पट्ट्या चमकवायला लावतात त्या द्रवातलं सिलिकॉनही पावसात वाहून काचेवर येतं. या थरावर पाणी धड पसरत नाही आणि धड ओघळत नाही, वेडेवाकडे डाग धरतं. पागोळी, तुम्ही कोटिंग लावण्यापूर्वी काच फक्त पाण्याने धुतली असेल तर तुम्ही मळावर कोटिंग चढवलं आहे.

माझी पद्धत अशी. आधी भरपूर पाण्याने धूळ काढायची, कोरड्या काचेवर फडकं कधीच फिरवायचं नाही, चरे पडतात. मग साबणाच्या पाण्याने धुवायची. सुकल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, फडकं दोनदा तरी बदलायचं. तरीही थर गेला नाही, तर काचेसाठी मिळणारं सेरियम ऑक्साइडचं पॉलिश ओल्या पॅडने, हलक्या हाताने. जुनं कोटिंगही याने निघतं. पाण्यातल्या क्षारांचे पांढरे ठिपके असतील तर सौम्य सायट्रिक आम्लाचं पाणी लावून लगेच धुवून टाकायचं. रंगावर ओघळू द्यायचं नाही.

झालं की काचेवर पाणी मारून बघा. पाण्याचा सलग पापुद्रा झाला आणि तो न फाटता खाली गेला तर काच खरी स्वच्छ. पाणी मध्येच आकसून बेटं झाली तर अजून मळ आहे.

केरोसीन किंवा डिझेलचा बोळा फिरवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. कृपा करून तसं करू नका. पहिल्या दिवशी पाणी पळताना दिसतं, मग त्याच तेलावर धूळ बसते आणि रात्री समोरून प्रकाश आला की काच दुधाळ होते. रबरही फुगतं.

वळणरस्ता
आतल्या बाजूबद्दलही सांगा ना. डिफॉगरच्या तारा आतूनच असतात आणि लोक त्यावर काहीही घासतात.

काचकाम
हो, ते राहिलंच. त्या तारा म्हणजे चांदी असलेली लुकण काचेवर भाजून पक्की केलेली असते. आतून पुसताना फडकं तारांच्याच दिशेने, आडवं फिरवायचं. ब्लेड, खरखरीत घासणी, काहीही टोकदार लावायचं नाही. आतून काळी फिल्म असेल तर अमोनिया असलेलं काच-द्रव टाळा, फिल्मचे पापुद्रे सुटतात. डिकीत उंच सामान ठेवलं की खोक्याचा कोपरा तारांना घासतो आणि एखादी तार तुटते.

तुटलेली तार ओळखायची असेल तर डिफॉगर लावून थोड्या वेळाने आतली वाफ बघा. सगळीकडची गेली आणि एका ओळीची राहिली, तर ती ओळ मेली. मल्टिमीटर असेल तर तारेवर सरकत जा. एका टोकाला साधारण १२ व्होल्ट, दुसऱ्याला शून्य, मध्ये ६ च्या आसपास असतं आणि आकडा सावकाश उतरतो. जिथे तो एकदम उडी मारतो तिथे तार तुटली आहे. चांदीचा विद्युतवाहक रंग मिळतो, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो बारीक रेघेत भरता येतो.

सातआसनी
माझ्या गाडीला मागे वायपर आहे, तरी त्रास आहेच, म्हणून माझाही अनुभव. मागचा वायपर वर्षातून फार तर काही दिवस चालतो. बाकी वेळ उन्हात एकाच जागी दाबून बसलेला असतो. रबर वाकडं होतं आणि पहिल्याच पावसात काचेवर अर्धगोल पट्टे उमटतात. रबराची धार ओल्या फडक्याने पुसली की काळा मळ निघतो आणि अर्धं काम होतं. तरी पट्टे राहिले तर ब्लेड बदला.

दुसरं, फवारा. माझ्या मागच्या नोझलमधून पाणी येईना. भोक बुजलं असेल म्हणून सुई घातली, काही फरक नाही. चार दिवसांनी छताच्या आतल्या कापडावर ओल दिसली. फवाऱ्याची नळी पुढच्या टाकीपासून छतातून मागे जाते आणि दाराच्या बिजागरीपाशी रबरी बोळक्यातून वळते. रोजच्या उघडझाकीत ती तिथेच सांध्यातून निसटली होती. मी बटण दाबत होतो आणि पाणी छतात जात होतं. मागचा फवारा बंद पडला तर आधी नळी तपासा, तोवर बटण दाबू नका.

नवाचालक
काचकाम, वायपर नसलेल्या गाडीला मागून वायपर बसवता येतो का? काचेला भोक पाडून?

काचकाम
काचेला भोक पाडायचा विचार मनातून काढून टाका. पुढची काच दोन थरांची, मध्ये पारदर्शक पडदा असलेली असते. मागची बहुतेक गाड्यांत कडक केलेली असते. तिच्या पृष्ठभागावर दाब आणि आत ताण बंद करून ठेवलेला असतो. ड्रिल आत घुसलं की पूर्ण काचेचे क्षणात हरभऱ्याएवढे तुकडे होतात. ही काच कडक करण्यापूर्वीच भोक पाडावं लागतं.

तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला वायपर असेल तर मार्ग निघतो. त्याचा दांडा काचेतून बाहेर येतो की काचेखालच्या पत्र्यातून, हे आधी पाहा. पत्र्यातून येत असेल तर तुमच्या दारात त्या जागी बहुतेक वेळा रबरी बूच असतं. मोटर, दांडा, फवाऱ्याची नळी, बटण आणि वायरिंग लागतं. काही गाड्यांत वायरिंग आधीच ओढलेलं असतं, काहींत नसतं. काचेतून दांडा येणारी रचना असेल तर भोक असलेली काचही बदलावी लागते. कुणाकडूनही करून घ्या, पण मूळ बनावटीचे भाग वापरा आणि फ्यूज वेगळा ठेवायला सांगा.

पागोळी
माझ्या गाडीत दांडा काचेतून येतो, पाहिलं. म्हणजे तो मार्ग सध्या बंद. एक विचारतो, डिफॉगर सतत चालू ठेवला तर थेंब वाळतील का?

हवेचीदिशा
हिशेब करून बघू. समजा डिफॉगर १५ अँपिअर घेतो, १२ व्होल्टवर ते १८० वॅट झाले. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २,४०० जूल लागतात. सगळी उष्णता पाण्यातच गेली असं धरलं तरी मिनिटाला साडेचार ग्रॅम पाणी उडेल, म्हणजे एक छोटा चमचाभर. प्रत्यक्षात बरीच उष्णता हवेत जाते. भर पावसात हे काहीच नाही. पाऊस थांबल्यावर उरलेली बारीक शिंतोडी मात्र दहा-पंधरा मिनिटांत वाळतात, तिथे जरूर लावा. बहुतेक गाड्यांत तो ठरावीक वेळाने आपोआप बंद होतो, तेव्हा परत लावावा लागतो.

रातप्रवासी
पाणी झटकण्याऐवजी पसरवणारा लेपही असतो ना? बाजूच्या आरशांवर चिकटवायची पारदर्शक फिल्म मी वापरली आहे. तिच्यावर थेंब राहतच नाही, पाणी सपाट पसरतं. आरशात मागची गाडी जराशी लहरती दिसते, पण दिवे दोनच दिसतात.

हवेचीदिशा
अगदी योग्य दिशा. काही आरशांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर देतात. त्यावर अतिनील प्रकाश पडला की पाणी पूर्ण पसरू लागतं, हे १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी प्रसिद्ध केलं होतं. ऊन मिळत राहिलं तर हा गुण टिकतो, बरेच दिवस अंधारात गाडी राहिली की कमी होतो. आरशाच्या छोट्या फिल्म सहज लागतात. एवढ्या मोठ्या, वाकलेल्या काचेवर सुरकुती न पडता लावणं कठीण आहे. आणि काचकाम यांनी सांगितलेली खरोखर स्वच्छ काच हीसुद्धा पाणी पसरवणारीच असते. फक्त ती तशी राहत नाही, मळते.

पागोळी
मग मी असं करतो. पूर्ण काच पॉलिशने घासून जुनं कोटिंग काढतो. डाव्या अर्ध्या भागावर परत नीट कोटिंग लावतो, उजवा अर्धा कोरा ठेवतो. मध्ये चिकटपट्टी लावून सरळ रेघ पाडतो. पाऊस चालूच आहे. तीन आठवड्यांनी लिहितो.

काचकाम
उत्तम. कोटिंग सावलीत लावा, काच गरम नको. हलका थर, वाळून धुरकट झाला की कोरड्या फडक्याने चमकवा आणि रात्रभर पाणी लागू देऊ नका.

पागोळी
तीन आठवडे झाले. एकूण अकरा वेळा पावसात गाडी चालवली, त्यातल्या पाच रात्री.

मुसळधार पावसात दोन्ही बाजू चालल्या. डावीकडे मोठे थेंब एकमेकांना घेऊन ओघळत होते. उजवीकडे पाण्याचा पडदा होता, दृश्य हलतं पण समजण्यासारखं. रिमझिम आणि ओला रस्ता असताना मात्र फरक फारच मोठा होता. डावीकडे त्याच ठिणग्या. उजवीकडे काही ठिकाणी थेंब होते, पण मागच्या गाडीचे दोन दिवे दोनच दिसले. शेजारी बसलेल्या बहिणीला मी काहीही न सांगता विचारलं, तिनेही उजवी बाजूच दाखवली.

पण उजवी बाजू दोन-तीन दिवसांत मळायची आणि मग दोन्ही बाजू सारख्याच वाईट व्हायच्या. डावीकडे वाळल्यावर चिखलाचे सुटे ठिपके राहायचे, ते पुसायला मात्र सोपे.

शेवटी डावीकडचंही कोटिंग काढून टाकलं. तीन दिवसांनी एकदा साबणाचं पाणी, आठवड्यातून एकदा अल्कोहोल. मागचे मडफ्लॅप तुटलेले होते, ते नवे बसवले आणि काचेच्या खालच्या भागावरचा चिखल डोळ्यांना दिसण्याइतका कमी झाला. बाजूच्या आरशांना फिल्म लावली. लेन बदलताना आता आधी तेच बघतो.

सातआसनी
रिव्हर्सचं काय केलंत? तुमचा खरा प्रश्न तो होता.

पागोळी
रिव्हर्स कॅमेरा बसवून घेतला. त्याच्याही भिंगावर थेंब बसतो आणि अर्धा पडदा पुसट होतो, त्यामुळे एकट्या त्याच्या भरवशावर राहत नाही. भिंग बोटाने पुसलं की बोटाचं तेल लागून आणखी धूसर होतं, म्हणून छोटं मायक्रोफायबर फडकं ठेवलं आहे. दाराच्या खणात हातभर दांड्याची रबरी पट्टी असते. पावसात गाडी मागे घ्यायची असेल तर उतरतो, मागची काच वरून खाली दोन ओढींत निपटतो, कॅमेऱ्याचं भिंग टिपतो, गाडीच्या मागे एक नजर टाकतो आणि मगच आत बसतो. भिजायला होतं. अर्धा मिनिट लागतो.

वळणरस्ता
काही नव्या गाड्यांत मागची काचच काढून टाकली आहे. २०२३ मध्ये आलेल्या पोलस्टार ४ मध्ये तिच्या जागी छतावरचा कॅमेरा आणि आरशाच्या जागी पडदा आहे. तिथेही भिंग पुसावं लागेलच. पागोळी, तुमची ती दांड्याची पट्टी किती रुंद आहे? मीही एक ठेवतो.

पागोळी
साधारण २५ सेंटिमीटर. त्याहून रुंद घेतली तर वाकलेल्या काचेवर टोकांना टेकत नाही. रबर मऊ आहे ना, ते वाकवून बघून घ्या.